आत्यांचं वजन

सासूला मी आत्या म्हणते. त्यांची उजवी बाजू गेली तेव्हा मी सोमाटण्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. नवऱ्याला कंपनीत शिफ्ट, परंदवडीच्या आमच्या घरात दिवसभर तिसरं कुणी नाही. मी शाळा सोडली. सोड असं कुणी म्हणालं नाही, सोडू नको असंही कुणी म्हणालं नाही.

आत्यांना दिवसातून सहा-सात वेळा पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर न्यावं लागायचं. मी काखेत हात घालून ओढत उचलायचे. सहा महिन्यांत माझी कंबर अशी धरली की चपलेचा पट्टा लावायला वाकता येईना. आत्यांचा व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम घरी यायच्या. त्यांनी मला उचलताना पाहिलं आणि म्हणाल्या, "अशाने आजींच्या शेजारी तुमचा पलंग टाकावा लागेल. रविवारी माझ्याबरोबर चला."

रविवारी नवऱ्याला सुट्टी, तो आत्यांजवळ थांबला आणि मॅडमनी मला बेडशाला नेलं. लेण्यांच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या कडेला एक मोठी पत्र्याची शेड, आत लाकडी जमीन. तिथे कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन नावाचा नाच चालायचा. ठरलेल्या स्टेप्स नाहीत, गाणंही बहुतेकदा नाही. दोघांनी एकमेकांना टेकायचं, वजन द्यायचं-घ्यायचं आणि ते जिकडे नेईल तिकडे जायचं. कुणाच्या पाठीवरून घरंगळायचं, कुणाला कमरेवर पेलायचं. पुण्याहून, तळेगावहून, लोणावळ्याहून पंधरा-वीस जण यायचे. पहिल्या दिवशी मी साडीच्या पिना काढत दारातच उभी राहिले, तर एकीने स्वतःच्या पिशवीतली सलवार माझ्या हातात दिली. वय, जाडी, दुखणी, जात, कशाचीच चौकशी नाही.

शिकवणारे सर पन्नाशीचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणायचे, "सत्तरीतही नाचता आलं पाहिजे. म्हणून आज सगळं संपवू नका. हाडांवर वजन घ्या, स्नायूंवर नको. आणि नको वाटलं तर नको म्हणा. कारण द्यायची गरज नाही." सगळ्यात जास्त वेळ ते एकाच गोष्टीवर घालवायचे: टेकलेल्या माणसापासून बाजूला कसं व्हायचं. आधी श्वासाने कळवायचं, मग हळूहळू आधार काढायचा, त्याचे पाय जमिनीवर आलेत याची खात्री झाली की सुटायचं.

लोणावळ्याचे एक निवृत्त रेल्वे गार्ड माझे नेहमीचे जोडीदार झाले. अंगाने माझ्या दुप्पट. दोन महिन्यांत मी त्यांना कमरेवर पेलू लागले. मग घरी आत्यांनाही तसंच घेऊ लागले. त्यांच्यासमोर खाली बसायचं, कंबर त्यांच्या पोटाशी न्यायची, "आत्या, या माझ्यावर" म्हणायचं आणि थांबायचं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं, डावा हात गळ्यात पडायचा. माझी पाठ दुखायची थांबली.

पण ते डोकं खांद्यावर आलं की मला शिसारी यायची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं तेव्हा एका सकाळी माझ्या भावाचा फोन आला होता. वडील गेले. फोन आत्यांनी घेतला. त्या दिवशी नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. मी दुपारपर्यंत पुरणपोळ्या लाटल्या, पाहुण्यांना वाढल्या, हसले. पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाल्या, "तुजे वडील गेले सकाळी. जा आता." मी पोचले तेव्हा चिता विझत आली होती.

त्यावर आमच्यात कधीच बोलणं झालं नाही.

एका मंगळवारी दुपारी चुलत नणंद आत्यांना बघायला आली. आत्यांची जीभ जड झाली होती, पण कळायचं सगळं. माझ्यासमोर त्या तिला म्हणाल्या, "ही लय जोरात धरती. बाप बाजारात हमाल व्हता ना. हात बी तसंच हायेत." नणंद हसली. मी चहा दिला, तिला फाटकापर्यंत सोडून आले.

मग आत्यांना उठवायला बसले. त्या टेकल्या, पूर्ण वजन आलं, गळ्यात हात पडला. पलंग आणि खुर्ची यांच्या मधोमध मी कंबर वीतभर बाजूला घेतली.

घसरलं-बिसरलं काही नाही. माणूस पडू नये म्हणून काय काय करायचं ते मला नीट शिकवलेलं होतं, त्यातलं मी काहीच केलं नाही. आत्या फरशीवर बसल्या, कोपर पलंगाच्या लोखंडी पट्टीला लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं.

"उचल," त्या म्हणाल्या.

"थांबा जरा," मी म्हणाले. बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढले. सगळ्यांच्या घड्या घातल्या. परत आले तेव्हा त्यांचं लुगडं ओलं झालं होतं. मग अगदी शिकवल्याप्रमाणे, त्यांना किंवा स्वतःला कुठेही न दुखवता, उचललं.

संध्याकाळी नवऱ्याने कोपर पाहून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पलंगाला लागलं."

त्या दिवसापासून त्या मला बाई म्हणू लागल्या. "बाई, जरा उठवतीस का?" आवाज मऊ. मला तो आवाज आवडला, हे मी लपवणार नाही. पुढच्या आठवड्यात आणखी तीनदा मी कंबर बोटभर बाजूला घेतली. पाडण्यासाठी नाही. त्यांचा हात गळ्याशी आवळला जायचा, तेवढ्यासाठी.

रविवारी नाच संपल्यावर आम्ही गोल करून बसायचो, मॅडमही असायच्या. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, इथलं बोलणं इथेच राहतं, कुणी कुणाचा न्याय करत नाही. मी सगळं सांगितलं. पुरणपोळ्यांचं नाही, फक्त कंबर बाजूला घेतली ते. पुरणपोळ्या सांगितल्या असत्या तर सगळे माझ्या बाजूने झाले असते, असं मला तेव्हा वाटलं.

सर म्हणाले, "बोललीस, बरं केलंस." काहींनी मान हलवली. निघताना सलवार देणारीने मला मिठीही मारली.

पुढच्या रविवारी मी गार्डकाकांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "आज नको." दुसरी म्हणाली, "आज पाठ जरा..." कारण द्यायची गरज नव्हती तरी तिने दिलं. सात जणांना विचारलं. सातही जण गोड बोलले. शेवटी सर स्वतः आले, माझ्या पाठीला पाठ लावली. पण वजन येईना. दहा मिनिटांनी कळलं, त्यांनी टाच जमिनीवरून उचललीच नव्हती, सगळं वजन स्वतःच्याच पायांवर ठेवलं होतं. त्यांनीच शिकवलं होतं, स्वतःला सांभाळा.

बुधवारी मॅडम आल्या. व्यायामाआधी त्यांनी आत्यांच्या दोन्ही बाह्या वर सरकवून दंड तपासले. पाठ पाहिली. मी तिथेच उभी. मग विचारलं, "आजी, तुम्हाला घरात कुणाची भीती वाटते का?"

"न्हाई. कुनाची वाटावी? सूनच हाय ती."

मॅडम गेल्यावर आत्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिला कुनी सांगितलं?"

"मीच. रविवारी, नाचाच्या तिथे सगळ्यांसमोर."

त्या म्हणाल्या, "येडी हायस. मी न्हाई सांगितलं पोराला. का सांगितलं न्हाई? तुज्याबिगर मला हागायला कोन नेनार? आन् तू त्या नाचनाऱ्यांना सांगून बसलीस. आता तुला अंगाला हात लावू देनार हाय का कुनी?"

मी म्हणाले, "माझे वडील गेले त्या दिवशी..."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पोळ्या लाटायच्या व्हत्या." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मॅडमनी नवऱ्याला फोन केला होता. त्याने मला एक शब्द विचारला नाही. शनिवारी एक माणूस येऊन पलंगाच्या वर कॅमेरा बसवून गेला. "आईच्या काळजीपोटी," नवरा म्हणाला. कंपनीतून तो मोबाइलवर बघतो. मॅडम येतात, पण माझ्याशी फक्त व्यायामापुरतं बोलतात. बेडशाला मी आणखी तीन रविवार गेले, भिंतीला पाठ लावून एकटीच केलं, मग सोडलं. कुणी फोन केला नाही.

कंबर आता मी हलवत नाही. चांगली झाले म्हणून नाही. आत्या घाबरत नाहीत, त्यामुळे त्यात काही उरलं नाही.

कॅमेऱ्याची मात्र त्यांना लाज वाटते. खुर्चीवर न्यायच्या आधी त्या म्हणतात, "त्या डोळ्यावर टावेल टाक." मी टाकते. दोन मिनिटांत माझा मोबाइल वाजू लागतो. नवऱ्याचा असतो, कॅमेरा का झाकला म्हणून. तोवर आत्या माझ्यावर टेकलेल्या असतात, माझे दोन्ही हात अडकलेले.

"तुमचा मुलगा आहे," मी म्हणते.

"वाजू दे," त्या म्हणतात.