भरत निमसेची पंगत

भरत निमसे मुंबईच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात ऑपरेशन्सचा प्रमुख. म्हणजे गोल सोडून बाकी सगळं त्याच्या अंगावर. अठरा हजार माणसं चाळीस मिनिटांत स्टेडियममध्ये बसवणाऱ्या या गड्याला पुतणीच्या लग्नाची पंगत म्हणजे डाव्या हातचा मळ! आटगावजवळच्या आपल्या गावात त्यानं प्रत्येकाच्या मोबाइलवर वेळापत्रक धाडलं: पहिली पंगत, बारा वाजून दहा मिनिटं.

बारा दहाला पानं मांडलेली, भात वाफाळतोय आणि मांडवात चिटपाखरू नाही. गाव मात्र नवे कपडे घालून आपापल्या ओटीवर बसलेलं.

“घरचं मानूस दारात येऊन ‘चला जेवाया’ म्हनल्याबिगर कोन उठतं का रे?” त्याची चुलती धोंडीबाई कडाडली. “मोबाइल वाजला म्हनून?”

साहेब निघाले. चौसष्ट उंबरे झिजवले, बूट पायातून हातात आले, तेव्हा कुठे दीड वाजता मांडव भरला.

शेवटची पंगत उठली तरी भरत खांबाला टेकून उपाशीच उभा.

“तू रं? जेवला नाय?” धोंडीबाईनं विचारलं.

साहेब गाल फुगवून म्हणाले, “मला कुनी बोलावलंच नाय.”