हरणांसाठी पेरलेली पट्टी

माझे धाकटे दीर विनायकभाऊजी गेल्याचं मुलाने सांगितलं, तेव्हा मी जर्मनीत, बॉबलिंगेनच्या त्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "हट्टी!" सहा आठवडे झाले, राग उतरलेला नाही.

भाऊजींचा जन्म इथल्या कारखान्यात गेला. निवृत्त झाल्यावर परीक्षा देऊन शिकारीचा परवाना काढला, आणि जंगलाच्या कडेला एक पट्टी नांगरून तीत क्लोव्हरचं गवत नि कुट्टू पेरला. हरणांनी चरायला यावं आणि यांनी मचाणावरून नेम धरावा म्हणून. मला दाखवायला नेलं. मी म्हटलं, "आमच्या वडलांनी जन्मभर पिकातून हरणं हाकलली. तुम्ही आवतण धाडता, वर पानावर बसवून मारता?" ते हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर, वहिनी! पण तुमच्या रश्श्यातल्या कोंबडीला कोणी विचारलं होतं?" त्या प्रश्नाचाही मला राग आहे.

डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. भाऊजींचं एकच पालुपद… जंगलात एक म्हातारा नर आहे, तो पट्टीत आला की दुसऱ्या दिवशी मी भरती होतो. उन्हाळाभर सकाळी जाऊन बसले. नर येईना. दुपारी मचाण दुरुस्त करायला जाताना मला सोबत न्यायचे. ते गाडीत डुलकी काढायचे आणि मी पट्टीत शिरायचे. पिकात तण दिसलं की माझे हात गप्प राहत नाहीत. गावाहून आणलेलं खुरपं मचाणाखाली लपवून ठेवलं होतं. माती मऊ, खुरपं लोण्यातून फिरल्यासारखं चालायचं. "काय केलंत दुपारभर?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "बसले होते."

ऑपरेशन राहिलंच. घरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

तेराव्याला त्यांच्या बायकोने, सुनंदाने, बोलता बोलता सांगितलं, की माणसाचा वास जमिनीला राहतो. रोज कोणी वावरलं तर हरीण तिकडे फिरकत नाही. मी तिच्यावरच ओरडले, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते, ताई. ह्यांनीच अडवलं. म्हणाले, राहू दे, वहिनींना तिथे करमतं."

करमतं! मला करमावं म्हणून कोणी जीव घालवतो होय? की ऑपरेशनची भीती वाटत होती, आणि माझं खुरपणं आयतं निमित्त सापडलं? भांडायला तरी समोर हवे होते…

गेल्या रविवारी मुलाला घेऊन खुरपं आणायला गेले. पट्टीत तण माजलं होतं. त्यात खुरांचे ठसे, गवताचे शेंडे खुडलेले. आता येताहेत मेले. मुलगा मचाणावर चढला, भाऊजींचा थर्मास आणि एक कानस घेऊन उतरला. "आई, काकांनी कानस वर कशाला ठेवली असेल?"

मी खुरप्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. रक्त आलं. गावाहून आणलं तेव्हा ते बोथट होतं.

माती मऊ नव्हती.