सुताचा ओळंबा

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास नगरच्या वेशीबाहेरची सरकारी पडीक जमीन विणकरांच्या सोसायटीला घरांसाठी मिळाली. त्याच जमिनीत एक तुकडा मीही माझ्या एकट्याच्या घरासाठी मागितला होता, पण माझा अर्ज फेटाळला गेला. शाळेत शिकवायला जाताना त्यांची घरं उठताना रोज दिसायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

सगळ्यात जास्त डोळ्यांत खुपायची ती तिथली एक विणकर बाई. पदर खोचून ती प्रत्येक भिंतीपाशी जायची, मागाच्या सुताला दगड बांधून ओळंबा सोडायची आणि एक डोळा मिटून बघायची. भिंत जराशी कलली असली तरी पाडायला लावायची. एवढा कसला तोरा, असं वाटून एकदा मी विचारलंच, "बाई, यातलं तुमचं घर कोणतं?"

"अजून ठरलं न्हाई, मास्तर. समदी घरं उभी राह्यली की चिठ्ठ्या टाकनार. कुनाची भिंत कुनाला यील, काय सांगावं?"

"मीही इथंच जागा मागितली होती," मी बोलून गेलो.

"व्हय? कितीजनांसाठी?" तिनं ओळंब्यावरची नजर न काढता सहज विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला लांबच्या वाटेनं जायला लागलो.