दुसरा दोर

उन्हाळ्यात मेडशीचं शिवार उघडं पडतं. सोयाबीन गेलेलं, तूर गेलेली, नुसती काळी ढेकळं. हिरवा असतो तो उकंडरावाचा विहिरीजवळचा तुकडा. त्यात फल्ली. भुईमुगाला इकडे फल्लीच म्हणतात.

त्याच्या तरुणपणी सगळं शिवार फल्लीचं होतं. मालेगावला जब्बारशेठची तेलाची गिरणी चाले. बाजाराहून आलेल्या माणसाच्या कपड्यांना ढेपेचा, म्हणजे पेंडीचा वास येई. मग सोयाबीन आलं आणि गिरणी थंडावली. जाता जाता जब्बारशेठनं एक रिकामा ड्रम उकंडरावाला देऊन टाकला.

फल्लीचं फूल वर उमलतं, मग त्याची आरी, देठासारखा कोंब, खाली वाकून जमिनीत शिरते. शेंग अंधारात धरते. आऱ्या मातीत नीट जाव्यात म्हणून पिकावरून रिकामा ड्रम लोळवतात. ड्रममधून पहार आरपार, पहारेच्या दोन टोकांना दोन दोर, ओढायला दोन माणसं. एकानंच एक दोर ओढला तर ड्रम गर्रकन फिरतो आणि पीक चिरडतो.

उकंडराव आणि त्याची बायको रत्नमाला, अशी ती जोडी. आसपासच्या गावांतही त्यांना ड्रमसाठी बोलावणं यायचं. ती बुटकी, म्हणून तिच्या दोराला, ती धरायची तिथं, गाठ. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

यंदा फूल लागलं, तसा उकंडराव एकटाच ड्रम घेऊन उतरला. आपला दोर खांद्यावर घेतला. दुसरा तसाच सोडला.

शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून शेजारचा मदनसिंग बघत होता. त्याची बिडी तोंडातच विझली.

"उकंडभाऊ, येकटाच ओढून राह्यला. मंग तो शीधा कसा चालते?"

"सवय हाये त्याले."

"ड्रमले?"

उकंडरावानं पुढची ओळ धरली. दुसरा दोर जमिनीला टेकला नव्हता. गाठीपर्यंत ताठ होता.

गावात बोलणं झालं. पोरगा नरेंद्र वैतागला. "बाबा, दोन्ही दोर येकात बांध ना! लोक हासून राह्यले. नाहीतं भंगारवाल्याले देतो ड्रम, अन् पुढच्या साली सोयाबीनच."

"बांधत नाई."

"काहून?"

"तिनं काय धरावं मंग?"

नरेंद्र उठून गेला. ओट्यावर सून पल्लवी सूप घेऊन बसली होती. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती सासऱ्याच्या मागं वावरात आली.

"मामाजी, मी धरतो तिकडून. जोडीनं ओढलं तं कोनी बोलनार नाई."

उकंडरावानं दुसऱ्या दोराची गाठ चाचपली. दुसरा हात लागला आणि रत्नमाला निघून गेली तर? एवढा तुकडाच उरला होता तिला यायला. पण ड्रम भंगारात गेला तर तोही उरणार नव्हता.

"धर," तो शेवटी म्हणाला. "गाठ सोडू नोको फक्त."

दोघं निघाले. पहिल्या ओळीलाच ड्रम तिरपा झाला. पल्लवीकडची बाजू पुढं धावली, उकंडराव मागं राहिला. कोवळी झाडं चिरडली.

"पोरी, हळू ओढ! सासूच्या वरताण जोर हाये तुह्यात."

पल्लवी थांबली होती. दोर तिच्या तळव्यांतून सरकत पुढं जात होता.

"मामाजी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी ओढूनच नाई राह्यली."

उकंडराव बघत राहिला. मग हसला. रत्नमाला गेल्यापासून पहिल्यांदा. पल्लवीनं एकेक बोट मोकळं करत दोर सोडला आणि ती बाजूला झाली. ड्रम सरळ झाला. वाफ्याच्या टोकापर्यंत तो सरळच गेला.

संध्याकाळी नरेंद्रनं विचारलं, "जमते का मंग दोघाईले?"

पल्लवी हौदाशी हात धूत होती. तळव्यावर लाल वळ उठला होता.

"जमते दोघाईले," ती म्हणाली. "मले नोका पाठवू. अन् तो ड्रम इकू नोका."