खालून वर वाचलेला शेवटचा भाग

वेलांटीबाईंच्या नजरेतून चुकीची वेलांटी सुटली, असं छापखान्यात वीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. नाव त्यावरूनच पडलं. छपाईआधीची मुद्रितं तपासायची रीत त्यांना जुन्या फोरमननं शिकवली होती: पानाच्या शेवटच्या ओळीपासून वर चढायचं, म्हणजे डोळा गोष्टीत रमत नाही, अक्षरावर राहतो. यंत्रांच्या राज्यातून पळालेल्या बहीणभावाची ती किशोरांची मालिकाही त्यांनी अशीच तपासली. सहा वर्षं, पाच भाग, सगळे खालून वर.

लेकीला याचा पत्ता नव्हता. "आधी माझी आई वाचते, मग बाकीचं जग," असं ती वर्गात मिरवायची आणि बाई गप्प बसायच्या. लेकीच्या तोंडचं कौतुक कुणाला नको असतं?

शेवटचा भाग बाजारात आला. लेकीनं तो एका बैठकीत संपवला आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटला.

"अकराव्या प्रकरणात भाऊ मरतो. बहीण त्याला स्वतःच्या हातानं पुरते. मग शेवटच्या पानावर दार कोण उघडतं? तोच भाऊ. तू वाचलंस ना हे? मग बोलली का नाहीस?"

बाईंनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी त्या थेट संपादकाच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. भानगड साधी होती. लेखकानं ऐनवेळी भावाला मारलं, संपादकानं अकरावं प्रकरण बदललं आणि शेवटचं बदलायला विसरला.

"पोरांना काय कळतंय," तो चहा ढवळत म्हणाला. "आणि मुद्रितावर सही तुमचीच आहे की. आपण म्हणू, शेवट मुद्दाम गूढ ठेवलाय."

चोर तो चोर, वर शिरजोर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सहा वर्षं वाट बघितली हो त्या पोरांनी. माफी छापा. हवं तर माझं नाव घालून छापा."

तो हसला. आठवड्याभरात 'गूढ शेवटा'ची जाहिरात झळकली.

लेक शाळेतून उड्या मारतच आली. "आई, ते मुद्दाम होतं. सगळा वर्ग डोकं खाजवतोय. तुला ठाऊक होतं, म्हणून बोलली नाहीस, हो ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण संपादकाचं ते हसू आठवलं आणि संताप पुन्हा उसळला. या खेपेला तो स्वतःवरही होता.

"मुद्दाम नव्हतं. चूक होती. मी नुसती अक्षरं तपासते. गोष्ट मी वाचलीच नाही."

"आणि आधीचे चार भाग?"

"तेही नाही."

लेक दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी राहिली.

"पण तू म्हणाली होतीस, तुला भाऊ सगळ्यात जास्त आवडतो."