समुद्र डाव्या हाताला

काकांचं पत्र आलं तेव्हा मी माझ्या लेकीची, सायलीची वेणी घालत होते, आणि पाकिटावर काकांचं अक्षर बघूनच मी ती अर्धी सोडली, कारण पुण्याहून पत्र यायचं ते काकूंचं, काका फक्त खाली सही करायचे. चारच ओळी होत्या. सुलभा गेली, झोपेतच गेली, तुला कळवायला उशीर झाला... मला कळलं तोवर तेरावासुद्धा होऊन गेला होता. तेवढे दिवस मी इथे टोकियोत, ओजिमात भाजी आणत होते, कचरा वेगळा करत होते, हसतसुद्धा असेन. काकांना फोन करावा असं रोज मनात यायचं आणि रोज मी रिसीव्हर उचलून परत ठेवायची. काकूंची एक गोष्ट त्यांनी काकांना सांगितली नव्हती, ती माझ्याकडे होती, आणि ती सांगावी की गिळावी हेच मला कळत नव्हतं. मी नववीत शाळा सोडलेली, मला लेख-बिख येत नाही. पेपरच्या पुरवणीच्या बाई म्हणाल्या, बोलता तसं लिहा, म्हणून लिहितेय.

मी जपानात आले तेव्हा सायली सहा महिन्यांची होती. आमचे हे कावासाकीच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला, तीन वर्षांसाठी आलेले. येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच एका दुपारी घर हललं. मांडणीतली भांडी वाजायला लागली, वरचा दिवा झोके घ्यायला लागला, आणि मी पोरीला काखेत मारून अनवाणी सात मजले जिन्याने खाली. खाली बघते तर बायका सायकलींवरून भाजी घेऊन चाललेल्या, कुणी मान वर करून बघत नव्हतं! त्या दिवसापासून मी आंघोळीचं दार लावायचं सोडलं, चपला घालून झोपायला लागले. शेवटी ह्यांना म्हटलं, मला पोरीला घेऊन घरी जायचंय. हे नुसते सायलीकडे बघत बसले. परत भेटेल तेव्हा ती चालती-बोलती झालेली असणार आणि ह्यांना ओळखणारही नाही, हे मला कळत होतं, पण भीती काही ऐकत नव्हती.

मग हे फुनाबोरीला सुलभाकाकूंकडे गेले. काका बँकेत मोठे साहेब, गणपतीत इथली मराठी माणसं त्यांच्याकडे आरतीला जमायची, तेवढीच ओळख. काकू दुसऱ्याच दिवशी दारात.

"जायचंय ना, जा की. कोण अडवतंय? पण जपानात येऊन नुसता जिना बघून जाणार का? गुरुवारी समुद्रावर जाऊ. गाडी मी चालवणार."

"तुम्ही, काकू?"

"का गं? पुण्यात वीस वर्षं फियाट हाकलीये मी. इथले लोक तर हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत, झोप लागेल मला."

काकूंच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. इटलीकडचा समुद्र, भूमध्य समुद्र म्हणतात तो, डोंगराच्या कडेकडेने रस्ता, खाली लिंबाच्या बागा. काकांनी त्यांना कबूल केलं होतं, एकदा तुला त्या रस्त्याने गाडीतून नेणार. दर वर्षी बँकेचं काहीतरी निघायचं. इथला इझूचा किनाराही तसाच दिसतो, असं काकूंच्या कानावर आलं होतं. काका त्या आठवड्यात ओसाकाला होते, आणि भाड्याच्या गाडीत बसताना काकू मला म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं नाही हं. त्यांना वाटेल, त्यांची वाट न बघता मी उरकून टाकलं."

तर आम्ही इझूला निघालो. पुढे काकू, मागे मी आणि सायली, आणि डब्यात वीस पोळ्या. माझ्या हातात नकाशा दिलेला, जपानी अक्षरांचा! मी म्हटलं, काकू, मला मराठी पेपर वाचायला अर्धा दिवस लागतो. तर म्हणाल्या, "आकडा येतो ना? निळ्या पाटीवर आपल्या रस्त्याचा नंबर, एकशे पस्तीस, दिसला की ओरडायचं. आणि समुद्र डाव्या हाताला आहे तोवर आपण बरोबर आहोत." बास, एवढीच शाळा. मी आख्खा रस्ता "एकशे पस्तीस!" म्हणून ओरडत होते, आणि सायलीला वाटलं खेळच आहे, ती पण किंचाळायला लागली. मग बोगद्यातून बाहेर आलो आणि... असा समुद्र मी कधी बघितला नव्हता. खाली इतका निळा की डोळे दिपले, एका बाजूला संत्र्यांच्या बागा थेट डोंगरावर चढलेल्या, आणि रस्ता वळणावळणाने पुढे पुढे. काकूंनी कडेला गाडी थांबवली, उतरल्या, पदर खोचला, आणि कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लिंबांच्या जागी संत्री. चालतंय की!" आणि स्वतःच खदखदा हसल्या.

मुक्कामाला एक छोटं लॉज होतं, तिथे गरम झऱ्याचं न्हाणीघर, बायकांचं वेगळं. ऊन अजून होतं, खिडकीतून समुद्र दिसत होता. आता आम्हाला काय माहीत! आम्ही आपल्या नदीवर उतरतात तशा छातीशी परकर बांधून आत गेलो. आत दोन म्हाताऱ्या गळ्यापर्यंत पाण्यात, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि एकमेकींकडे बघितलं. मालकीणबाई धावत आल्या, वाकून वाकून, हाताने खुणा करत, कपडे नाही, कपडे नाही. मी लाजेने अर्धी झाले. काकू म्हणाल्या, "बघ बाई, देवाने दिलंय तेच सगळ्यांना दिलंय," आणि परकर सोडून डुबकन पाण्यात! मग मीही डोळे मिटून उतरले. सायलीला प्लॅस्टिकच्या टबात काठावर ठेवलेलं. पाणी असं अंगभर लागलं... किती महिन्यांनी मी खांदे सैल सोडले असतील.

आणि तेवढ्यात बादल्या वाजल्या. पाण्यावर बारीक बारीक लाटा उठल्या, खिडकीची काच थरथरायला लागली. पुढे काय केलं ते माझं मलाच कळलं नाही. मी टबातून पोर उचलली, साबण लावलेली, बुळबुळीत, आणि दार सरकवून पॅसेजमध्ये. मागून काकूंचा आवाज, आख्ख्या लॉजला ऐकू जाईल असा, "संगीऽऽ! अगं, निदान परकर तरी घे!"

मी थांबले. खाली बघितलं. आणि काय झालं कोण जाणे, मला हसायलाच आलं. हादरा कधीच थांबला होता, मी मात्र पोटावर हात धरून हसत भिंतीला टेकलेली, सायली माझ्या हसण्याने हसतेय, आणि मालकीणबाई डोळे खाली घालून टॉवेल पुढे करतायत आणि माफी मागतायत, जसं काही घर त्यांनीच हलवलं. परत आत गेले तर म्हाताऱ्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्यातल्या एकीने सरकून मला जागा करून दिली. काकूंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. तशात म्हणाल्या, "भीती मलाही वाटते गं. पण हसताना ती जरा लांब बसते."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, तिकिटाचं काय करू? मी म्हटलं, राहू द्या.

त्यानंतर टोकियोत जेव्हा जेव्हा हादरा बसला, मिनिटाच्या आत काकूंचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "काय गं संगे, कपडे आहेत ना अंगावर?" आणि ठेवून द्यायच्या. दोन वर्षांपूर्वी काकांची बदली झाली, ते पुण्याला गेले, फोन थांबला. आमची मुदत दोनदा वाढली, आम्ही इथेच आहोत. सायली आता जपानीतच भांडते.

गेल्या आठवड्यात परत हादरा बसला. सायली शाळेत शिकवलंय तशी टेबलाखाली गेली. मी उभी होते, फोनकडे बघत. आणि मग मीच पुण्याचा नंबर फिरवला.

काकांचा आवाज अगदी लहान झाला होता. थोडं इकडचं तिकडचं झालं, आणि मग ते म्हणाले, "एक राहून गेलं गं. तिला तो समुद्र दाखवायचा होता मला. एवढं एकच मागितलं होतं तिने."

मी म्हटलं, "काका, त्यांनी बघितला. इथलाच, पण तसाच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नाहीत." मला वाटलं, चुकलंच. मग मी घाबरून भडाभडा सगळंच सांगून टाकलं, एकशे पस्तीस, पोळ्या, परकर, मी पॅसेजमध्ये, काकूंची हाक...

काका हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने, इतके की त्यांना खोकला लागला. "परकर!" ते म्हणत होते, "परकर बांधून!" बऱ्याच वेळाने थांबले.

"संगीता, तुला घाई नाही ना?"

"नाही, काका."

"मग गाडीत बसलात तिथपासून सांग. ती पुढे बसली होती म्हणालीस. साडी कुठली नेसली होती?"