हुंगू द्या तिला

साताऱ्याच्या दवाखान्यातून आम्ही दहिवडीला परत निघालो, तेव्हा पाऊस लागून राहिला होता. माणदेशाच्या उघड्या माळांवर असा पाऊस क्वचितच. गाडी नवरा चालवत होता. मागच्या सीटवर बाळासाठी नेलेली दुपटी तशीच घडीची होती. चार दिवसांपूर्वी आमची मुलगी जन्मली, ती मेलेलीच.

वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला. सगळी मेंढरं पुढे गेली, एक मेंढी मात्र रस्त्यातच उभी राहिली. तिच्या पायाशी मेलेलं कोकरू भिजत पडलं होतं. ती त्याला हुंगत होती, पुन्हा पुन्हा चाटत होती. नवऱ्याने हॉर्न वाजवला, तशी पोत्याची खोळ सावरत एक धनगरीण खिडकीशी आली.

"वाईच थांबा, दादा. हुंगू द्या तिला. तिचं तिला कळलं की यील मागनं."

त्याने गाडी बंद केली.

मला कुणी थांबू दिलं नव्हतं. "बघू नकोस, विसरायला सोपं जाईल," म्हणत सगळ्यांनी माझ्या काळजीपोटीच घाईने सारं उरकलं होतं. पण जिला पाहिलंच नाही, तिला विसरायचं तरी कसं? रोज नवा चेहरा मनात येतो आणि त्यातला एकही तिचा नसतो.

"तू पाहिलंस ना तिला?" मी विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"सांग मला."

तो माझ्याकडे वळला.

"जावळ दाट होतं," तो म्हणाला, "आणि हनुवटी तुझी."